घाटात वारा सुटलाय, गाडीने जाऊ का?

मे महिना लागला की कळव्याच्या आमच्या सोसायटीत माझा भाव वाढतो. एरवी पाण्याच्या टाकीवरून नाहीतर पार्किंगवरून माझ्याशी हुज्जत घालणारी मंडळी, संध्याकाळी आभाळ भरून आलं की फोन करतात, "काका, उद्या सकाळी इंद्रायणीने पुण्याला निघायचंय. जाऊ ना?" मी ३१ वर्षं रेल्वेच्या ओव्हरहेड तारेवर काम केलं, त्यातली नऊ वर्षं कर्जतच्या वर घाटात. म्हणून लोकांना वाटतं, वारा सुटायच्या आधी मला कुठूनतरी निरोप येतो. तसं काही नाही. पण वारा सुटल्यावर घाटात काय बिघडतं आणि ते सुधारायला किती वेळ जातो, एवढं मला नक्की ठाऊक आहे. दर वर्षी तेच फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

सगळ्यात आधी एक भीती बाजूला ठेवा. वाऱ्याने डबा उलटेल ही. ताशी ६० किलोमीटरचा वारा डब्याच्या अख्ख्या कुशीवर साधारण सव्वा टनाने रेटतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे १२०ला पाच टनांच्या आसपास. रिकामा डबाच ४० टनांच्या घरातला, वर माणसं आणि त्यांचं सामान, आणि उभा आहे तो १६७६ मिलिमीटरच्या रुंद रुळांवर. भोर घाटात तो सहजासहजी आडवा होत नाही.

वाऱ्याने गाड्या पडल्याच नाहीत असं मात्र नाही. जपानमध्ये आमारुबेच्या ४१ मीटर उंच पुलावरून २८ डिसेंबर १९८६ला एक रिकामी गाडी वाऱ्याने थेट खाली, खेकड्यांच्या कारखान्यावर कोसळली. सहा जण गेले. वाऱ्याचा इशारा वाजला होता, पण गाडी वेळेत थांबली नाही. चीनमध्ये शिनजियांगच्या डोंगरातून उतरणाऱ्या वाऱ्याने फेब्रुवारी २००७मध्ये एका प्रवासी गाडीचे ११ डबे रुळावरून उचलून टाकले. तिकडे आता रुळाच्या कडेने मैलोन्‌मैल भिंती आहेत, वारा अडवायला. माझा भाचा डेन्व्हरला असतो. त्याने मागे एक फोटो पाठवला होता : डेन्व्हरहून पश्चिमेला रॉकी पर्वत चढणाऱ्या लाइनीवर 'बिग टेन' नावाचं मोठं वळण आहे, तिथे वाळूने भरलेल्या वॅगनची रांग कायमची उभी करून ठेवलीये. गाडी नाही ती, भिंत आहे. डोंगरावरून घसरत येणारा वारा चालत्या गाडीला लागण्याआधी त्या वॅगन अंगावर घेतात. फोटो बघून मी हसलो. आपल्याकडे असले जुने वॅगन भंगारात गेले असते.

आपल्या सह्याद्रीत वाऱ्याचं काम वेगळं चालतं. तो गाडीला हात लावत नाही. तो झाड हलवतो, तार हलवतो आणि कुठून कुठून उडवून आणलेली घाण तारेवर टाकतो. गाडी उभी राहते ती या तिन्हींपैकी कशाने तरी. हे कळलं की पुढचं सगळं सोपं.

वारा कुठला ते आधी ओळखा

ठाण्यातून निघणाऱ्याला तीन वारे भेटतात आणि तिघांचं उत्तर वेगळं.

पहिला वळवाचा. एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा. दुपारी तीननंतर पूर्वेला, घाटमाथ्याच्या बाजूला ढग चढतात, आणि त्यातला एखादा फुटला की थंड हवा वरून धाडकन खाली येते. धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, पण सर्वांत जास्त नुकसान हाच करतो. कारण झाडं पानांनी भरलेली असतात आणि वर्षभरात सैल झालेले पत्रे, फ्लेक्स, ताडपत्र्या अजून कोणी बांधलेल्या नसतात. १३ मे २०२४ची संध्याकाळ आठवा. घाटकोपरचा होर्डिंगचा अपघात सगळ्यांना माहीत आहे. त्याच वाऱ्याने ठाणे आणि मुलुंडच्या मधे ओव्हरहेडचा खांब वाकला आणि मेन लाइन बसली. सपाटीवर ही गत.

या वाऱ्याला उपाय एकच : वाट बघा. दुपारची गाडी असेल आणि पूर्वेला काळं दिसत असेल तर शक्य असल्यास सकाळची घ्या. वळीव सकाळी क्वचित येतो. वारा येऊन गेला असेल तर निघायच्या आधी दोन तास जाऊ द्या.

दुसरा पावसाळी वारा, पश्चिमेचा. हा एकदम येत नाही, दिवसच्या दिवस लागून राहतो. समुद्रावरून आलेला वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला आपटतो आणि वर चढायला वाट शोधतो. दरीत, खिंडीत तो कोंडतो आणि तिथे त्याचा जोर वाढतो. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं ते तुमच्यातल्या ट्रेकरांनी पाहिलं असेल. तोच वारा, तशाच खिंडी, फक्त पुण्याच्या वाटेवरच्या भोर घाटात आणि नाशिकच्या वाटेवरच्या थळ (कसारा) घाटात मधून रूळ गेलेत. या दिवसांत जायला हरकत नाही, पण घड्याळ घरी ठेवून जा. पुण्यात साडेदहाला इंटरव्ह्यू असेल तर आदल्या रात्री जाऊन झोपा.

तिसरं चक्रीवादळ. त्याची बातमी दोन-तीन दिवस आधी येते. ३ जून २०२०चं निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, १७ मे २०२१चं तौक्ते नुसतं समुद्रातून गेलं तरी इकडची झाडं आडवी केली. अशा दिवशी मला फोन करू नका. जायचं नाही.

आदल्या रात्री

हवामान खात्याचा अंदाज बघताना बहुतेक जण पावसाचे मिलिमीटर बघतात. तुम्ही वाऱ्याचा आकडा शोधा. 'सोसाट्याचा वारा, ताशी ४० ते ५० किलोमीटर' असं लिहिलेलं असतं. काही ॲपवर नॉट असतात, त्याला १.८५ने गुणा. मीटर प्रतिसेकंद असेल तर ३.६ने. निघायच्या आधी तीन तासांचा ताजा इशारा येतो, तो मात्र जरूर बघा. रात्रीच्या अंदाजापेक्षा तो जास्त उपयोगी.

आकडा नसेल तर बाल्कनी आहे. मोठ्या फांद्या हलतायत, तारा शीळ घालतायत आणि छत्री दोन्ही हातांनी धरावी लागतेय, म्हणजे चाळीस ते पन्नास. अख्खं झाड डोलतंय आणि वाऱ्याच्या समोर चालताना जोर लागतोय, तर पन्नास ते साठ. काटक्या मोडून पडायला लागल्या की साठच्या वर. चाळिशीला मी जातो. साठीला नाही जात, कारण तेवढ्या वाऱ्यात घाटात कुठेतरी फांदी तारेवर पडणारच, आणि ती आपल्याच गाडीच्या पुढे पडणार हा माझा अनुभव आहे. एक सांगायला हवं : कळव्यात आमच्या मागे पारसिकचा डोंगर आहे, पूर्वेचा वारा तो अंगावर घेतो. त्यामुळे वळवाच्या वेळी मी माझ्या बाल्कनीवर विश्वास ठेवत नाही. खारघर, बेलापूरवाल्यांनीही आपल्या टेकडीचा हिशेब धरावा.

मग एनटीईएस, म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं ॲप, उघडा. पण आपली गाडी नका बघू, ती तर अजून सुटायचीये. तिच्या पुढच्या दोन गाड्या बघा. कर्जत सोडून लोणावळ्याला किती वेळात पोचल्या? दोन्ही कर्जतला नाहीतर पळसदरीला उभ्या दिसल्या की वर काहीतरी झालंय, ते कोणी जाहीर करो न करो. नाशिकला जायचं तर कसारा आणि इगतपुरीमधलं अंतर असंच तपासा.

ठाण्याहून निघणाऱ्याचा फायदा हा की निर्णय घ्यायला वेळ मिळतो. पुण्यासाठी वंदना स्टँडवर एसटी आहे, नाशिकसाठी खोपट स्टँडवर. कल्याण सोडून पुढे गेलात की हा पर्याय अवघड होतो. कर्जतला उतरून बोरघाटातून रस्त्याने जाणारी गाडी शोधणं हे मी कोणालाही सांगणार नाही, सोबत म्हातारी माणसं असतील तर मुळीच नाही. घाट बंद पडला तर नाशिकची गाडी पुणे, दौंड, मनमाड असा वळसा घालून नेता येते. पण तो वळसा भोर घाटातून जातो, आणि वारा दोन्ही घाटांत सारखाच असतो.

घाटात गाडी थांबली

हा खरा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कर्जत ते खंडाळा चढ ३७ फुटांना एक फूट. मागून बँकर इंजिनं ढकलतात. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशा केबिन. बोगद्यात वारा नसतो, बाहेर पडल्या पडल्या दरीतून कुशीत बसतो. आमच्या गँगला त्या बोगद्यांच्या तोंडांची पक्की ओळख होती. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट. तार सरळ रेषेत नसते, खांबागणिक डावी-उजवी २०० मिलिमीटर अशी नागमोडी ओढलेली असते, वळणावर ३००पर्यंत, म्हणजे पेंटोची (इंजिनाच्या टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याची) पट्टी एकाच जागी झिजत नाही. दोन खांबांच्या मधोमध वाऱ्याने ती आणखी बाजूला ढकलली आणि पेंटोच्या बाहेर निसटली, की पेंटो तारेत अडकून सगळं ओरबाडत जातो. म्हणून सपाटीला खांब ७२ मीटरपर्यंत लांब असतात आणि घाटातल्या वळणावर अगदी २७ मीटरपर्यंत जवळ. पुढच्या वेळी खिडकीतून मोजा.

आता गाडी थांबली. पहिल्या दोन मिनिटांत एक गोष्ट बघायची : एसी चालू आहे का? हल्लीच्या बहुतेक लाल डब्यांच्या गाड्यांत दिवे-एसीची वीज इंजिनातून, म्हणजे त्याच तारेतून येते. एसी चालू असेल तर तारेत करंट आहे, आणि गाडी सिग्नलसाठी, रांगेसाठी किंवा दरड बघण्यासाठी थांबली आहे. एसी बसला आणि नुसते बारीक दिवे उरले, तर तार गेली. (जनरेटरचा डबा लावलेली गाडी असली तर हा ताळा चुकतो.)

तार गेल्यावर काय चालतं? कंट्रोलला ब्रेकर पडलेला दिसतो. ते एकदा परत चार्ज करून बघतात. फांदी नुसती लागून गेली असेल तर वीज राहते आणि तुम्ही पाच-दहा मिनिटांत निघता. पुन्हा पडला, तर तो तुकडा वेगळा काढतात आणि माणसं पाठवतात.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मे संपत आलेला, संध्याकाळचे सहा. ठाकूरवाडीच्या वर कुठल्याशा झोपडीवरची निळी ताडपत्री उडून वरच्या तारेला आणि ड्रॉपरला (खालची तार वरच्या तारेला टांगणाऱ्या बारीक तारेला) गुंडाळली गेली होती. टॉवर वॅगन, म्हणजे तारेपर्यंत उचलता येणारा प्लॅटफॉर्म असलेली आमची गाडी, घेऊन आम्ही पोचलो. मागे शंभर-दीडशे मीटरवर एक एक्स्प्रेस उभी, खिडक्याखिडक्यांतून माणसं. ताडपत्री अशी फडफडत होती की बंदुकीचे बार उडाल्यासारखा आवाज. आमच्या मुकादमांनी प्लॅटफॉर्म वर घेतला, अर्ध्यात आल्यावर वॅगन असा हलला की त्यांनी हात करून खाली घ्यायला सांगितला. "वारा पडू दे."

मग आम्ही बसलो. सात माणसं रुळाच्या कडेला, हेल्मेट मांडीवर. पाऊण तास. गाडीतून आधी हाका आल्या, मग शिव्या. एक आजोबा खाली उतरून आमच्यापर्यंत चालत आले, "अहो, लोक ताटकळलेत आणि तुम्ही विड्या फुंकत बसलायत?" विडी कोणाच्याच हातात नव्हती, पण ते असो. मुकादम उठले, आजोबांचा हात धरला आणि त्यांना घेऊन परत डब्यापर्यंत पोचवून आले. वाटेत त्यांना काय सांगितलं कोण जाणे. नंतर आजोबांनीच डब्यातल्या लोकांना गप्प केलं.

वारा उतरल्यावर काम सुरू. कंट्रोलकडून ब्लॉकचा, म्हणजे तार बंद ठेवून काम करायच्या परवानगीचा, नंबर. मग अर्थिंग : लांब दांड्याचा डिस्चार्ज रॉड, त्याची क्लँप आधी रुळाला घट्ट, मग आकडा तारेला. उलटं कधी करायचं नाही. दांडा एवढा उंच की थोड्या वाऱ्यातही त्याचं टोक तारेच्या आजूबाजूला भिरभिरतं, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात लागतं. लागलं की 'फट्'. तारेचा करंट बंद असला तरी भोर घाटात शेजारीच दुसऱ्या लाइनी आहेत, त्यांच्यामुळे मेलेल्या तारेतही वीज उतरते. कामाच्या दोन्ही बाजूंना असे रॉड लावल्यावर मुकादम वर चढले आणि ताडपत्री कापून काढायला त्यांना अकरा मिनिटं लागली. एक ड्रॉपर तुटला होता, तो बांधला. रॉड काढले, ब्लॉक परत केला, तार चार्ज झाली. गाडी दोन तास चाळीस मिनिटं उभी होती, त्यातलं प्रत्यक्ष काम किती, तुम्हीच बघा.

म्हणून थांबलेल्या गाडीत गार्डला (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) 'कधी निघणार' असं विचारू नका. त्यांनाही माहीत नसतं. विचारायचा प्रश्न : "ब्लॉक मिळाला का?" मिळाला असेल तर माणसं तारेपाशी आहेत, तासाभराची गोष्ट. मिळाला नसेल तर वारा अजून चालू आहे किंवा माणसं वाटेत आहेत. तेव्हा डबा उघडा आणि जेवून घ्या.

खाली उतरू नका. ते आजोबा सुखरूप परत गेले, कारण त्यांचा हात मुकादमांनी धरला होता. शेजारच्या लाइनीवरून गाडी येऊ शकते, आणि वाऱ्यात झाडं मुळांपासून हलत असतात, त्यामुळे उतारावरचे दगड सुटून येतात. तुटलेली तार जमिनीवर किंवा डब्यावर लोंबत असेल तर ती मेलेलीच आहे असं समजू नका. डब्याला लागली असेल तर आतच बसा. एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर, ही सर्वांत वाईट जागा.

कोकणात जाणाऱ्यांसाठी

मांडवीने, कोकणकन्येने जाणारे विचारतात, पनवेलच्या पुलावर वारा मोजतात म्हणे? तो पनवेल नव्हे, पानवल. रत्नागिरी आणि निवसरच्या मधला, ६४ मीटर उंचीचा पूल. तिथे आणि पुढे मांडवी, झुआरी, शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायची यंत्रं बसवलेली आहेत. इथे मात्र प्रश्न गाडीचाच असतो, तारेचा नव्हे. आमारुबेची गोष्ट म्हणूनच वर सांगितली. वारा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की गाडी पुलाच्या अलीकडे थांबवतात. तिकडे रामेश्वरला नव्या पांबन पुलावर ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल आपोआप लाल होतो. अशा थांब्यावर गाडीत कुरकुर ऐकू आली तर मी शेजाऱ्याला आमारुबेची गोष्ट सांगतो. कुरकुर थांबते.

पूर्वी कोकण रेल्वे डिझेलवर धावायची, फांदी पडली तर कापायची आणि पुढे जायचं. २०२२मध्ये तिचं विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून आमचं तारेचं दुखणं त्यांच्याही मागे लागलं. तेव्हा वरचा एसीचा ताळा तिकडेही वापरा. पावसाळ्यात तिकडचं वेळापत्रकच वेगळं आणि संथ असतं, ते बघून तिकीट काढा. माथेरानच्या गाडीचं तर विचारूच नका, नेरळ ते अमन लॉज पावसाळ्यात बंदच असते.

पैशांचं थोडक्यात. गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जाणारच नसाल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ई-तिकिटाला त्यासाठी टीडीआर (पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज) भरायचा, तोही गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत. इथेच लोक फसतात, घरी जाऊन जेवून मग भरतात. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. बाकी चौकशीला १३९.

पिशवीत काय घ्यायचं हे आमच्या हिच्याकडून ऐका, घाटात अडकायचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा आहे, कारण मी तारेखाली असायचो आणि ती डब्यात. माणशी दोन लिटर पाणी, कारण घाटात विकायला कोणी येत नाही. दशम्या किंवा पोळी-चटणी, रस्सा नको. चार्ज केलेली पॉवर बँक. रोजच्या औषधांचा एक दिवसाचा जादा डोस. एक चादर, कारण एसी बसला तर उकडतं आणि मंकी हिलला दार उघडं राहिलं तर मेमध्येही हुडहुडी भरते. छत्री घ्या, पण थांबलेल्या गाडीच्या दारात उभं राहून उघडू नका. नागनाथच्या वर एकदा तारेवरून एक फुलाफुलांची छत्री मी काढली आहे, कापड अर्धं जळलेलं, मूठ शाबूत. मालकीण शेवटपर्यंत पुढे आली नाही.